सुरतेतील मराठी वाचक आणि त्याचे ग्रंथालय

जळगावहून सुटलेली आगगाडी धरणगाव, अमळनेर, दोंडाईचे, नंदुरबार ही स्थानके मागे टाकीत नवापुरास येऊन उभी राहते. या स्थानकाचा निम्मा भाग महाराष्ट्रात आणि निम्मा गुजरातेत आहे, आणि येथील एका बाकाच्या मधोमध दोन राज्यांची सीमा जाते, हे श्रोत्यांपैकी अनेकांनी ऐकले असेल. पुढे सोनगड, व्यारा, बारडोली ही गावे लागतात आणि अखेरीस येते उधना, म्हणजे सुरतेचे दक्षिणद्वार. तापीच्या खोऱ्यातून जाणारा हा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी कापसाच्या वाहतुकीस उपयोगी पडला; पुढे त्याच मार्गाने कापसाबरोबर तो पिकवणारी माणसेही जाऊ लागली. उधन्यास उतरणाऱ्या या खानदेशी माणसाच्या बोचक्यात कळण्याचे पीठ असते, उडदाचे पापड असतात, बिबड्या असतात, क्वचित गावच्या देवीचा अंगाराही असतो. पुस्तक मात्र सहसा नसते. बोचके बांधताना जिच्याशिवाय चालणार नाही तीच वस्तू आत जाते, आणि पुस्तकाची गणना अजून तशा वस्तूंत झालेली नाही.

सुरतेत हा समाज आता काही नवखा राहिलेला नाही. धुळे, जळगाव व नंदुरबार जिल्ह्यांतील कोरडवाहू शेतीचे तुकडे वाटणीगणिक लहान होत गेले, एखादे वर्ष अवर्षणाचे आले, आणि घरातील धाकट्या भावाने सुरतेची वाट धरली. यंत्रमाग, रंगाई-छपाईच्या गिरण्या, हिऱ्यांचे कारखाने, कापडबाजारातील हमाली, रिक्षा, भाजीची गाडी यांपैकी जे हाती लागले ते त्याने धरले. लिंबायत, डिंडोली, उधना, पांडेसरा या भागांत मराठी वस्ती दाट झाली. तेथे गणपती बसतो आणि श्रावणात कानबाईही मिरवते. २०११ च्या जनगणनेत गुजरात राज्यात मराठी मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या नऊ लाखांहून अधिक भरली. यातही एक बारकावा आहे. खानदेशी व अहिराणी बोलणाऱ्यांची नोंद जनगणनेत मराठीहून निराळी होते; ज्या कुटुंबाने आपली भाषा अहिराणी अशी सांगितली, ते या नऊ लाखांत धरलेले नाही. कागदावर निराळ्या पडलेल्या या दोन्ही माणसांना वाचण्यासाठी हवी असते ती बहुधा एकच मराठी, आणि ग्रंथालयाने हा हिशेब जनगणनेच्या तक्त्यावर न सोडता स्वतः करावयास हवा.

सुरत आणि मराठी यांचा संबंध म्हटला म्हणजे बहुतेकांस १६६४ आणि १६७० ही दोन साले आठवतात, आणि ती आठवणे स्वाभाविकही आहे. परंतु या शहराशी मराठीचे आणखी एक नाते आहे, ज्याची आठवण कमी काढली जाते. मराठी भाषेचे व्याकरण ज्यांनी १८३६ साली सिद्ध केले, ते दादोबा पांडुरंग तर्खडकर पुढे काही वर्षे सुरतेत अध्यापक होते. १८४४ साली याच शहरात मानवधर्मसभा स्थापन झाली. तिचे अध्वर्यू दुर्गाराम मेहता हे गुजराती शिक्षक, आणि त्यांच्या सहकाऱ्यांत होते दादोबा. जातिभेद व अंधश्रद्धा यांविरुद्ध गुजरात्यांनी आणि मराठी माणसाने एकत्र बसून विचार केला, तो सुरतेत. त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १८५० साली, या शहरात अँड्रूज ग्रंथालय निघाले. कवी नर्मदाचे हे गाव. गुजराती भाषेचा मोठा कोश १८७३ साली ज्याने एकहाती पुरा केला, त्याचे हे गाव. पुस्तकाची किंमत सुरतेला बाहेरून कोणी येऊन शिकवावी, अशी स्थिती कधीच नव्हती.

मग अडचण कोठे आहे? शहरास कवी नर्मदांच्या नावाचे महानगरपालिकेचे मोठे मध्यवर्ती ग्रंथालय आहे, आणि घोडदोड रस्त्यावरील या ग्रंथालयाचा सुरतकरांस अभिमान आहे. तथापि मध्यवर्ती ग्रंथालय असणे आणि लिंबायतच्या माणसाने तेथवर पोहोचणे, या दोन गोष्टींमध्ये रेल्वेचे रूळ आहेत, बसभाडे आहे आणि बारा तासांची पाळी आहे. यंत्रमागावरील कामगार सकाळी सातास आत जातो आणि संध्याकाळी सातास बाहेर पडतो. पंधरवड्याने पाळी फिरली की दिवसाची रात्र होते. दिवसा उघडणारे आणि रात्री लवकर मिटणारे ग्रंथालय त्याच्या आयुष्यात सुटीच्या दिवशीच काय ते येणार, आणि त्या दिवशी घरी पाणी भरणे, बाजार आणि झोप ही तीन कामे उभी असतात. शिवाय सभासद होण्यासाठी कायम पत्त्याचा पुरावा लागतो, कोठे जामीनदार लागतो, अनामत लागते. भाड्याच्या खोलीत राहणारा, वर्षा-दोन वर्षांनी खोली बदलणारा माणूस या तीन पायऱ्यांपैकी पहिलीवरच थांबतो. या पायऱ्या बांधल्या जातात त्या पुस्तके हरवू नयेत म्हणून, त्यात दुष्ट हेतू नसतो. परंतु पुस्तके हरवू नयेत ही काळजी घेताना वाचक हरवतो, याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही.

याहून खोल अडचण आहे ती पिढीची. पहिली पिढी अहिराणी बोलत आली आणि मराठी वाचत आली. निदान तिच्यातील जे शाळेत गेले होते ते तरी वाचत होते. दुसऱ्या पिढीने गुजराती शिकून घेतली, कारण बाजार गुजराती होता. तिसरी पिढी इंग्रजी किंवा गुजराती माध्यमात शिकते, मित्रांशी हिंदी बोलते, आणि आजीशी अर्धवट. सुरत महानगरपालिकेची शिक्षण समिती गुजरातीखेरीज मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू व इंग्रजी अशा माध्यमांच्याही प्राथमिक शाळा चालवते. भारतातील फार थोड्या शहरांनी इतकी भाषिक उदारता दाखवली असेल, आणि त्याबद्दल सुरतेला श्रेय दिलेच पाहिजे. राज्यघटनेच्या ३५० अ या कलमाने, जे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आले, अल्पभाषिक मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याची जबाबदारी राज्यांवर टाकली आहे. पण शाळा सुटल्यावर काय? घटनेतील हे कलम शाळेच्या दारापाशी थांबते. मराठी शाळेत शिकलेल्या मुलास शाळेबाहेर मराठी पुस्तक दिसले नाही, तर त्याची मराठी पाठ्यपुस्तकातच मिटून राहते. आणि मराठी शाळेत न गेलेल्या मुलाला तर मराठी ही वाचण्याचीही भाषा आहे, हे कळण्याचे साधनच उरत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा महाराष्ट्रात पेढे वाटले गेले. डिंडोलीतील नातू त्या दिवशीही आजीने सांगितलेली गोष्ट निम्मीच समजत होता.

या प्रश्नाचे एक उत्तर सुरतेच्या अगदी शेजारी, शंभर वर्षांपूर्वी देऊन झालेले आहे. आणि ते उत्तर देणारा माणूस खानदेशाच्या उंबरठ्यावरचाच होता. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात १८६३ साली एका शेतकरी कुटुंबात जन्मलेला गोपाळ नावाचा मुलगा १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला. तोवर त्याला अक्षरओळख नव्हती. बारा वर्षांचे हे निरक्षर मराठी पोर गुजराती मुलखात येऊन पडले आणि मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी अशा चार भाषा त्याला एकदमच शिकाव्या लागल्या. आज लिंबायतमध्ये राहणाऱ्या मुलाची स्थिती आणि सयाजीरावांची त्या वेळची स्थिती यांत राजवाडा सोडला तर फारसे अंतर नाही. एवढे मात्र खरे की, राजवाडा सोडला तर असे म्हणणे सोपे आहे. प्रत्यक्षात राजवाडा सुटत नाही.

पुढे राज्यकर्ता झाल्यावर सयाजीरावांनी जे केले त्यात या बालपणाची खूण दिसते. १९०६ साली अमेरिकेच्या प्रवासात त्यांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करून आणलेली साक्षरता वाचावयास काही नसेल तर दोन-चार वर्षांत पुसली जाते, हे त्यांच्या ध्यानात आले. १९१० साली त्यांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून घेतले आणि राज्यभर ग्रंथालयांचे जाळे विणावयास सांगितले. मध्यवर्ती ग्रंथालयासाठी राजवाड्यातील स्वतःचा ग्रंथसंग्रह दिला. पण खरी नवलाई होती ती पेट्यांची. भक्कम लाकडी पेट्यांत निवडक पुस्तके भरून त्या खेडोपाडी पाठवल्या जात. गावचा शिक्षक किंवा एखादा प्रतिष्ठित गृहस्थ ती पेटी सांभाळी, काही महिन्यांनी ती परत जाई आणि दुसरी येई. नेण्या-आणण्याचा भार खात्यावर असे. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी चित्रे आणि चलच्चित्रे दाखवणारी शाखा होती. स्त्रियांसाठी व मुलांसाठी निराळे दालन होते. गावाने पैसे जमवले की तेवढेच पंचायतीने आणि तेवढेच सरकारने घालावयाचे, असा तिसरा-तिसरा वाटा ठरलेला होता. मराठी राजाने हे केले ते मुख्यतः गुजराती प्रजेसाठी, गुजराती पुस्तकांनिशी. त्या काळी बडोदे संस्थानचा नवसारी प्रांत सुरतेच्या अवतीभोवती पसरलेला होता. आज सुरत जिल्ह्यात असलेले कामरेज आणि पलसाणा हे भाग तेव्हा गायकवाडांचे होते. खानदेशची गाडी ज्या सोनगड-व्याऱ्यावरून येते तेही गायकवाडांचेच. नवसारीचे सयाजी वैभव ग्रंथालय आजही लोकांना पुस्तके देत आहे.

तेव्हा मराठी माणसाने गुजराती वाचकासाठी जे केले, त्याची परतफेड म्हणून गुजरातने आता मराठी वाचकासाठी काही करावे, अशी मागणी कोणी मांडली तर ती अर्थातच चुकीची ठरेल. अशा गोष्टींत देणे-घेणे चालत नाही. शिवाय हिशेब मांडू गेल्यास तो एकतर्फी निघणारही नाही. मुंबईत १८६५ पासून फार्बस गुजराती सभा गुजराती ग्रंथ व हस्तलिखिते सांभाळीत आली आहे, आणि खुद्द जळगावच्या जुन्या जिल्हा वाचनालयाचे नाव वल्लभदास वालजी वाचनालय असे आहे. ज्यांच्या तोंडी हे नाव रोज येते त्यांतील कितीजणांना ते गुजराती वळणाचे आहे असे जाणवत असेल? बडोद्याचा दाखला येथे घेतला तो त्यातील रीत उपयोगाची आहे म्हणून. वाचक ग्रंथालयाकडे येत नसेल तर ग्रंथालयाने पेटीत बसून वाचकाकडे जावे, ही ती रीत होय.

ज्या अमेरिकेतून बोर्डन आले, तिने स्वतःच्या शहरांत हाच प्रश्न निराळ्या रूपात पाहिला आहे, आणि त्याची हकीकत सुरतेच्या संदर्भात मोठी बोलकी आहे. वेस्ट इंडीजमधील पोर्तो रिको हे बेट १८९८ पासून अमेरिकेच्या ताब्यात आहे आणि तेथील लोकांना १९१७ साली अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. भाषा मात्र त्यांची स्पॅनिश. ते न्यूयॉर्कला येत ते परके म्हणून नव्हे, स्वतःच्याच देशाच्या नागरिकांच्या नात्याने. पण शहरात पाऊल ठेवताच ते मुके होत. अशा लोकांपैकी पुरा बेलप्रे नावाची एक तरुणी १९२० च्या सुमारास बहिणीच्या लग्नासाठी न्यूयॉर्कला आली आणि तेथेच राहिली. तिला पहिले काम मिळाले ते कपडे शिवण्याच्या उद्योगात. सुरतेच्या श्रोत्यास यात अपरिचित असे काय आहे? १९२१ साली हार्लेम भागातील १३५ व्या रस्त्यावरील सार्वजनिक ग्रंथालयाच्या शाखेने तिला नोकरीस घेतले, कारण त्या वस्तीत स्पॅनिश बोलणारी कुटुंबे वाढत होती आणि त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलेल असे कोणी त्या शाखेत हवे होते.

या बाईने ग्रंथालयाची कपाटे पाहिली तेव्हा जगभरच्या लोककथा तेथे होत्या. तिच्या आजीने तिला सांगितलेल्या कथा मात्र नव्हत्या. मग तिने त्या तोंडीच सांगावयास आरंभ केला, प्रथम इंग्रजीत आणि पुढे स्पॅनिशमध्येही. मार्टिना नावाची झुरळीण आणि तिच्याशी लग्न लावणारा पेरेझ नावाचा उंदीर यांची कथा तिने १९३२ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. १९२९ पासून ती ११५ व्या रस्त्यावरील शाखेत काम करू लागली, आणि तेथे ६ जानेवारीस येणारा तीन राजांचा सण ग्रंथालयात साजरा होऊ लागला. कळसूत्री बाहुल्यांचे खेळ झाले. ती वस्तीतील मंडळांतून, प्रार्थनामंदिरांतून हिंडली आणि आईबापांना सांगत राहिली की ग्रंथालय तुमचेही आहे. मुले गोष्ट ऐकावयास आली, मुलांना पोहोचवावयास आया आल्या, आणि आल्या त्या काहीतरी हातात घेऊनच परत गेल्या. पुढे १९७१ साली अमेरिकेत स्पॅनिशभाषकांच्या ग्रंथालयसेवेसाठी झटणाऱ्या ग्रंथपालांची ‘रिफॉर्मा’ ही संघटना उभी राहिली. १९९६ पासून पुरा बेलप्रे यांच्या नावाने बालसाहित्याचा पुरस्कारही दिला जातो. मोठमोठ्या योजनांचा हा पसारा नंतरचा. आरंभी होती ती आजीची गोष्ट सांगणारी एक बाई.

खानदेशच्या आज्यांजवळ काय कमी आहे? आखाजीची गाणी आहेत, जात्यावरच्या ओव्या आहेत, कानबाईच्या रोटांच्या वेळी म्हटली जाणारी गाणी आहेत. बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जळगावच्या परिसरातील लेवा बोलीत त्या गात राहिल्या, इतरांनी ते टिपून घेतले, आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह तो संग्रह महाराष्ट्रापुढे आला. टिपून घेणारे घरी नसते तर खानदेशाच्या बाहेर बहिणाबाईंचे नाव कोणास ठाऊक झाले असते? उधन्यातील एखाद्या खोलीत साडीला लेस लावीत बसलेल्या म्हातारीच्या तोंडी आज काय आहे, ते ऐकण्यास कोणी बसलेले नाही. ग्रंथालयाच्या एखाद्या शाखेने महिन्यातून एका रविवारी अशा आज्यांना बोलावून मुलांपुढे गोष्ट सांगावयास बसवले, आणि एखाद्या जाणत्या मुलीने ती वहीत उतरवून घेतली, तर त्यास इमारतीचा खर्च पडत नाही. सतरंजी लागते.

मुलांच्या हाती द्यावयाच्या पुस्तकांविषयी एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. गुजराती लिपी आणि देवनागरी या बहिणी आहेत. डोक्यावरची रेघ काढून टाकली आणि क, ख, च, ज, फ, भ यांसारखी काही अक्षरे निराळी ओळखून घेतली की पुष्कळशी वाट सरते. शिवाय सुरतेच्या शाळेत हिंदी शिकलेल्या मुलास देवनागरी मुळातच येत असते. म्हणजे मराठी वाचण्यापासून तो मुलगा लिपीने दूर नाही. दूर आहे तो सवयीने आणि संकोचाने. नॅशनल बुक ट्रस्टसारख्या प्रकाशनसंस्थेची नेहरू बाल पुस्तकालय मालेतील पुस्तके अनेक भारतीय भाषांतून निघतात. तेच चित्र, तीच गोष्ट, एक प्रत गुजराती आणि एक मराठी, अशी जोडी शेजारी शेजारी ठेवली तर मूल गुजराती प्रत आधी वाचील, गोष्ट कळलेली असल्यामुळे मराठी प्रत न अडखळता वाचील, आणि ती घरी नेऊन आजीला वाचून दाखवील. वाचता न येणाऱ्या आजीला नातवाने वाचून दाखवणे, ही ग्रंथालयाच्या दृष्टीने दोन वाचकांची नोंद धरावयास हरकत नाही.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो सद्‌हेतूने घेतला जातो. गुजरातेत राहावयाचे तर गुजराती नीट शिकावी. मराठी पुस्तके पुरवून या मुलांना वेगळे का ठेवावे? गुजराती शिकलीच पाहिजे, यात वाद नाही. २०२३ साली गुजरात विधिमंडळाने पहिली ते आठवीपर्यंत गुजरातीचे शिक्षण सर्व शाळांत सक्तीचे करणारा कायदा केला, आणि तेथे राहणाऱ्या मराठी मुलाचे त्यात हितच आहे. परंतु एक भाषा शिकण्यासाठी दुसरी विसरावी लागते, हा समज काकासाहेब कालेलकरांच्या उदाहरणाने कधीच निकालात काढला आहे. सातारचा हा मराठी माणूस गांधीजींच्या सहवासात गुजरातेत आला आणि गुजराती गद्याचा असा स्वामी झाला की गांधीजींनी त्यास ‘सवाई गुजराती’ म्हटले. १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला तो गुजराती ग्रंथाबद्दल. मातृभाषेचे वाचन पक्के असलेल्या माणसानेच परभाषेत एवढी उंची गाठली. कालेलकर अपवादात्मक होते हे मान्य. पण घरच्या भाषेत वाचनाची गोडी लागलेले मूल कोणतीही भाषा अधिक सहज वाचते, हे शिक्षकांच्या रोजच्या अनुभवाचे आहे.

मोठ्यांच्या गरजा आणखी निराळ्या आहेत, आणि येथे ग्रंथालयांकडून एक चूक हटकून होते. मराठी कपाट म्हटले की त्यात जुन्या कादंबऱ्या आणि देणगीदाखल आलेली पुस्तके भरली जातात. ‘श्यामची आई’ त्यात असावीच. साने गुरुजींनी अमळनेरच्या शाळेत शिकवले असल्यामुळे खानदेशी घरात तिला नात्याचा मान आहे. पण यंत्रमागावरच्या माणसास भविष्यनिर्वाह निधीचा अर्ज कसा भरावा, अपघात झाल्यास भरपाई कोठे मागावी, क्षयरोगाचे औषध मध्येच का सोडू नये, हेही मराठीत वाचावयाचे असते. त्याच्या मुलास महाराष्ट्रातील पोलीस भरतीच्या किंवा तलाठी परीक्षेच्या तयारीची पुस्तके हवी असतात. गावाकडचे वृत्तपत्र, मग ते एक दिवस शिळे का असेना, त्याच्या दृष्टीने कोणत्याही ग्रंथाहून आधी येते, कारण त्यात पाऊस कोठे पडला ते असते आणि कापसाचा भाव असतो. वृत्तपत्रासाठी आलेला माणूस दुसऱ्या वेळी पुस्तकाच्या कपाटाजवळ उभा राहतो. घरी बसून साड्यांचे धागे कापणाऱ्या, टिकल्या लावणाऱ्या स्त्रियांना दुपारचा एखादा तास मोकळा मिळतो. त्या तासात शाखा उघडी नसेल तर ती त्यांच्यासाठी कधीच उघडी नसते. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले, त्यांत प्रत्येक वाचकास त्याचे पुस्तक मिळावे आणि वाचकाचा वेळ वाचवावा, हे दोन आहेत. दुसरा नियम त्यांनी लिंबायत न पाहता लिहिला, पण लागू तेथे अधिक होतो.

खर्चाचा प्रश्न येणारच. महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा १९६७ चा आणि गुजरातचा २००१ चा. महाराष्ट्राने सुरतेत ग्रंथालये काढावीत असे कोणी म्हणणार नाही, आणि सुरतेने केवळ मराठीसाठी पैसा काढावा असेही म्हणता येणार नाही. गंजामहून आलेला उडिया विणकर आणि तेलंगणातून आलेला तेलुगू विणकर त्याच गल्लीत राहतो, त्याच मागावर उभा राहतो, आणि त्याच्या मुलांसाठीही पालिकेच्या शाळा आहेत. जी सोय मराठीस ती त्यांनाही, हे आरंभीच कबूल केले तर कोणाच्या मनात किंतु राहणार नाही. सयाजीरावांचा तिसरा-तिसरा वाटा येथेही चालण्यासारखा आहे: एक वाटा वस्तीने, एक पालिकेने, एक राज्याने.

पेटीची रीतही काही इतिहासजमा झालेली नाही. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाने २००९ साली विनायक रानडे यांच्या पुढाकाराने ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना सुरू केली. शंभर पुस्तकांची एक पेटी वाचकांच्या गटाकडे जाते, काही महिने राहते आणि दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलली जाते. महाराष्ट्राबाहेर आणि परदेशांतही या पेट्या पोहोचल्या आहेत. बडोद्याच्या पेटीची ही थेट नात शोभते, आणि तिला खानदेशच्या गाडीने उधन्यापर्यंत येण्यास काही अडचण नाही.

जागेचा प्रश्नही वाटतो तितका मोठा नाही. या वस्त्यांतून गणेशोत्सवाची मंडळे आहेत, आणि पुष्कळ मंडळांची एखादी खोली मांडवाचे बांबू व पताका सांभाळीत अकरा महिने बंद असते. तिच्या एका भिंतीशी पेटी ठेवता येईल. मग उरतो प्रश्न किल्लीचा. ती कार्यालयात ठेवली तर कार्यालय पाच वाजता मिटते, आणि कार्यकर्त्याच्या खिशात ठेवली तर तो स्वतःच पाळीवर असतो. रात्री माग थांबवून घरी परतणाऱ्यास जिच्या दारावर हाक मारता येईल, दुपारी धागे कापून उठलेल्या सुनेस जी शेजारच्या खोलीत सापडेल, आणि मुलांना जी रागावेल पण परत पाठवणार नाही, अशा एखाद्या आजीच्या कनवटीला ती किल्ली असावी, मग तिला स्वतःला वाचता येत नसले तरी चालेल.